परवानगी नाकारणारा संगणक

संगणकाची कार्यप्रणाली अद्ययावत करावयास बसलेला गृहस्थ पुष्कळदां अर्ध्या वाटेंत अडतो. पडद्यावर अक्षरें उमटतात, ‘परवानगी नाहीं’. यंत्र आपलें, घर आपलें, मग मज्जाव आपणांसच कां, असें त्याच्या मनांत येतें. परंतु हा मज्जाव बहुधा बिघाड नसून पहारा असतो, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

या पहाऱ्याचें मूळ जुनें आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सन १९६९ मध्यें केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणालीचा पाया घातला. तेथें एकाच यंत्रावर अनेकजण काम करीत. म्हणून पुढें प्रत्येक फाइलीच्या बाबतींत वाचणें, लिहिणें व चालविणें हे तीन हक्क मालक, त्याचा गट व इतरेजन यांना निरनिराळे वांटून देण्यांत आले. सर्वांवर अधिकार चालविणारा ‘रूट’ हा वापरकर्ता मात्र वेगळा राहिला. युनिक्सच्या धर्तीवर झालेल्या लिनक्समध्यें हीच रीत चालू आहे.

अपडेट बसविणें म्हणजे प्रणालीच्या गाभ्यांतील फाइली बदलणें. तेथें सामान्य वापरकर्त्यास लिहिण्याचा हक्क नसतो. अशा वेळीं अडवणुकीचें कारण सूचनेच्या शब्दांवरूनच ओळखावें. उबुंटू लिनक्समध्यें नुसती ‘परवानगी नाहीं’ अशी सूचना आली, तर आज्ञेच्या आरंभीं ‘सुडो’ हा शब्द घालून स्वतःचा परवलीचा शब्द द्यावा. रूटचा अधिकार त्या आज्ञेपुरता मिळतो. कुलूप दुसऱ्या प्रक्रियेच्या ताब्यांत आहे असें दिसल्यास पार्श्वभूमीवर दुसरें अपडेट चाललेलें असतें. तेथें थांबणें हाच उपाय. कुलपाची फाइल पुसून टाकूं नये. ‘फाइलव्यवस्था केवळ वाचनासाठीं’ असें लिहून आलें, तर तेथें अधिकाराचा उपयोग नाहीं. डिस्क बिघडत असण्याचा तो इशारा असूं शकतो. आधीं कागदपत्रांच्या प्रती दुसरीकडे ठेवाव्या व मग डिस्क तपासावी.

विंडोजमध्यें ‘शून्य-एक्स-८००७०००५’ हा अंक प्रवेश नाकारल्याची खूण होय. यंत्र पुन्हा सुरू करून प्रशासकाच्या खात्यांतून प्रयत्न करावा. तेवढ्यानें न भागल्यास, बाहेरून आणून बसविलेला विषाणुरोधक आड येतो काय, तें पाहावें.

अशा प्रसंगीं दोन मोह आवरले पाहिजेत. पहिला मोह सर्व दारें सताड उघडण्याचा. ‘चमॉड ७७७’ ही आज्ञा साऱ्या प्रणालीवर चालविली, म्हणजे वाटेल त्यास वाटेल ती फाइल बदलण्याची मुभा मिळते. शिवाय फाइलींचे मूळचे हक्क पुसले जाऊन ‘सुडो’सुद्धां बंद पडूं शकतें. दुसरा मोह कंटाळून अपडेट सोडून देण्याचा. त्याची किंमत जगानें सन २०१७ मध्यें पाहिली. मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजीं विंडोजमधील एका छिद्रास ठिगळ दिलें होतें. तें न बसविलेल्या असंख्य यंत्रांवर १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमनें घाला घातला. इंग्लंडमधील रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रियासुद्धां रद्द कराव्या लागल्या.

सारांश, पहारेकरी अडवितो म्हणून त्यास घालवूं नये, किंवा दारावरून परतहि फिरूं नये. तो कां अडवितो तें विचारावें, आणि कामापुरता अधिकार दाखवून काम पुरें करावें.