पाणी कमी झालं म्हणजे हेड गॅस्केटच गेलं?

फुल इंजिनचं काम करून गाडी गॅरेजबाहेर आली आणि चार दिवसांत रेडिएटरमधलं पाणी कमी दिसलं, की आजूबाजूच्या सगळ्या जाणकारांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही. हेड गॅस्केट गेलं, पुन्हा हेड उतरवा. तपास व्हायच्या आधीच निकाल! इंजिन बांधताना पाण्याच्या वाटेवरचे कितीतरी सांधे उघडून पुन्हा जोडलेले असतात. वरचा-खालचा होस पाइप, त्यांच्या क्लिपा, वॉटर पंप, थर्मोस्टॅटचं घर, हीटरच्या नळ्या, टेम्परेचरचा सेन्सर, ब्लॉकचे प्लग, काही गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डसुद्धा. हेड गॅस्केट हा त्यातला एक सांधा, आणि उघडायला सगळ्यांत महाग. तेव्हा संशयितांच्या यादीत त्याला शेवटी ठेवा.

मुळात पातळी उतरली म्हणजे गळती आहेच, असंही नाही. रिकाम्या इंजिनात पाणी भरताना हेडमध्ये आणि हीटरच्या जाळीत हवा अडकून राहते. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडायला लागतो. तोवर पाणी पुरतं फिरतच नाही. तो उघडला की हवा वर येते, तिची जागा पाणी घेतं आणि पातळी खाली जाते. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पुढची बाजू थोडी उंच करून, एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून ही हवा काढायची असते. इंजिन दोन-चार वेळा गरम-थंड झाल्यावर पातळी एका जागी थांबायला हवी. नंतरही उतरत राहिली, तरच गळती शोधायला लागा. आणि गाडीखाली दिसलेलं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं असू शकतं. कूलंट बोटाला किंचित बुळबुळीत लागतं, त्याला गोडसर वास येतो आणि वाळल्यावर त्याचा डाग उरतो.

‘थेंब जिथे पडतो, गळती तिथेच’ हा समज तर भल्याभल्या मेकॅनिकना फसवतो. कूलंट ब्लॉकवरून ओघळतं, ब्रॅकेटच्या कडेने सरकतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे उडतं आणि ऑइल संपच्या एखाद्या कोपऱ्यातून खाली पडतं. ओल्या जागांपैकी सर्वांत उंच जागा शोधायची. त्यासाठी आधी इंजिन धुऊन कोरडं करावं लागतं. टॉर्च आणि छोटा आरसा ही यातली खरी हत्यारं. कूलंटमध्ये मिसळायचा आणि अतिनील दिव्याखाली चमकणारा रंगही मिळतो. बारीक गळतीला तो फार उपयोगी पडतो.

‘गाडी गरम करून बघितली, काहीच गळत नाही’ हेही वारंवार ऐकू येतं. गरम ब्लॉकवर बारीक थेंब पडताक्षणी वाफ होऊन जातो. क्लिपखालचं रबर गरम झालं की फुगतं आणि घट्ट बसतं, रात्री थंड झालं की आकसतं आणि पाझरतं. म्हणून पहिली तपासणी थंड इंजिनावर, दाबाखाली करायची. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमध्ये दाब सांगतो. प्रेशर कुकरप्रमाणेच दाबामुळे उत्कलनबिंदू वर जातो. एक बार जादा दाबाखाली साधं पाणी जवळपास १२० अंशांना उकळतं. हाताने मारायचा टेस्टर पंप झाकणाच्या जागी बसवायचा, झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब भरायचा आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघत राहायचं. त्याहून जास्त दाब भरला, तर चांगला असलेला जुना रेडिएटरही फुटू शकतो.

काटा उतरला आणि कुठेतरी ओल दिसली, तर प्रश्न सुटला. काटा उतरतोय पण बाहेर सगळं कोरडं असेल, तर पाणी आत कुठेतरी जातंय. पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागेचं कार्पेट दाबून बघा, हीटरची जाळी तिथे गळते. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढा, दाब काही तास तसाच ठेवा आणि मग इग्निशन बंद ठेवून स्टार्टर फिरवा. एखाद्या प्लगच्या भोकातून पाण्याचा फवारा आला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी उतरतंय. झाकणही त्याच पंपाने तपासून घ्या. स्प्रिंग थकलेलं झाकण कमी दाबालाच पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून सोडून देतं आणि आळ मात्र गॅस्केटवर येतो.

ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या गोल पत्र्याच्या टोप्यांविषयीही एक जुना समज आहे. पाणी गोठलं तर त्या निघून ब्लॉक वाचवतात, म्हणून आपल्या हवेत त्यांची काळजी नको! खरं कारण ओतशाळेत आहे. पाण्याची पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचे गाभे ठेवतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू बाहेर काढायला जी भोकं राहतात, ती या टोप्यांनी बुजवतात. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. टोपी आतून गंजते. ब्लॉक रसायनाच्या टाकीत धुतला की आजवर भोक बुजवून बसलेला गंजही निघून जातो आणि पाझर सुरू होतो. नवी टोपी तिरकी ठोकली किंवा बसायची कडा साफ केली नाही, तरी तेच. काही इंजिनांत एक टोपी मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. तिच्यासाठी पुढे गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून इंजिन बाहेर असतानाच सगळ्या टोप्या बदलाव्यात. त्यात कंजुषी करू नये.

नव्या वॉटर पंपाच्या पोटाला एक छोटं भोक असतं. सील बसेपर्यंत त्यातून एखाद-दुसरा थेंब येऊ शकतो. धार लागली किंवा थेंब थांबेचना, तर पंप बदला. ते भोक एम-सील लावून बुजवलं, तर गळणारं पाणी बेअरिंगमध्ये जातं.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला की पुन्हा हेड गॅस्केटचं नाव निघतं. पावसाळ्यात रोज जेमतेम दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हवेतल्या दमटपणानेही तो थर जमतो. थंड सकाळी सायलेन्सरमधून निघणारी आणि थोड्या वेळात थांबणारी पांढरी वाफही तशीच. खरी शंका असेल, तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी संपचा ड्रेन नट अलगद सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने साचलं असेल तर तेच आधी येतं. ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय का, हे बघायला निळं रसायन वापरतात. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि ते पिवळं झालं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आहे, सिलिंडर आणि पाणी यांच्यातली भिंत कुठेतरी तुटली आहे.

इथवर आलात तर हेड उतरवा. पण नुसतं नवं गॅस्केट टाकून पुन्हा बांधू नका, कारण सहसा दोष गॅस्केटचा नसतो. पद्मिनीसारख्या जुन्या गाडीत ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतं. गाडी एकदा चांगली तापली असेल, तर हेड वाकलेलं असू शकतं. सरळ पट्टी ठेवून फीलर गेज फिरवा. पुष्कळ इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपासची मर्यादा असते, ती आपल्या मॅन्युअलमध्ये बघा. बोल्टच्या बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं, तर टॉर्क रेंच ठरलेला आकडा दाखवतो पण हेड दाबलंच जात नाही, क्वचित ब्लॉकलाही तडा जातो. उलट काही इंजिनांत बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत उतरतो. १९५५ पासूनचं शेवरलेचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. तिथे आट्यांना सीलंट लावलं नाही, तर पाणी बोल्टच्या अंगाने वर चढतं. ‘अजून थोडं टाइट करू’ हा यावर उपाय नाही. ताणून बसवायचे बोल्ट तर एकदाच वापरायचे असतात.

हळद टाकून रेडिएटरची गळती थांबवण्याचा ड्रायव्हर लोकांचा उपाय घाटात अडकल्यावर गाव गाठायला चालेल. बांधलेल्या इंजिनात ती किंवा बाटलीतलं लीक-स्टॉप टाकलं, तर गळतीइतक्याच सहज रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात. आणि गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं हा तर उपायच नव्हे. इंजिन नेमक्या तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

तपासणी करताना गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका आणि जमिनीवर सांडलेलं कूलंट लगेच पाण्याने धुऊन पुसून घ्या. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतायला त्याचा थोडासा अंशही पुरतो.