टी-शर्टावरचे बारा टक्के

रॉटरडॅमच्या मासव्लाक्ते धक्क्यावर उतरणाऱ्या कंटेनरांचे कागद भरणं हे माझं काम. न्हावाशेव्यात असते तर लोक मला क्लिअरिंग एजंट म्हणाले असते. माल कुठला, किंमत किती ते कळवायचं, दहा आकडी कोड टाकायचा, की सीमाशुल्क समोर येतं. चीनहून आलेल्या सुती टी-शर्टांवर ते 12 टक्के. म्हणजे एक लाख युरोच्या मालावर 12,000 युरो.

हे पैसे कोणाचे? वसुली नेदरलँड्स करतो, पण वसुलीच्या खर्चापोटी 25 टक्के, म्हणजे 3,000 युरोच ठेवून घेतो. उरलेले 9,000 युरोपीय संघाच्या सामाईक अर्थसंकल्पात जातात. आणि ते रास्तच आहे. त्यातले बरेच खोके बार्जवर चढून ऱ्हाईन नदीने जर्मनीत जातात, तिथेच खपतात. एकदा संघात शिरलेल्या मालाला पुढे कुठेच शुल्क नाही. बंदर डच म्हणून पैसाही डच, असं कसं चालेल? हे शुल्क सामाईक मानण्याचा निर्णय 1970 सालचा.

संघाकडे कर वसूल करणारी स्वतःची यंत्रणाच नाही. भारतात केंद्र कर गोळा करून राज्यांना वाटा देतं. इथे सदस्य देश गोळा करतात आणि वर पाठवतात. त्यामुळे एकाने ढिलाई केली की भुर्दंड सगळ्यांना. चिनी कपडे आणि चपला पडेल किमती दाखवून ब्रिटनमार्गे आत येत राहिल्या, तेव्हा युरोपीय न्यायालयाने 2022 साली ब्रिटनला जबाबदार धरलं. ब्रिटन तोवर संघाबाहेर पडला होता, तरी पैसे भरावे लागलेच.

सीमाशुल्काने मात्र संघाचं भागत नाही. प्रत्येक देश आपल्या व्हॅटच्या ठरावीक पायावर 0.3 टक्के देतो. 2021 पासून पुनर्वापर न झालेल्या प्लॅस्टिक वेष्टनांच्या कचऱ्यावर किलोमागे 80 सेंट द्यावे लागतात. एवढं करून जो खड्डा उरतो, तो देशांनी आपापल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात भरायचा. अर्थसंकल्पात तूट ठेवायला परवानगी नाही. आज साधारण दोन-तृतीयांश पैसा या वाट्यातूनच येतो.

खरी भांडणं इथलीच. तळमजल्यावरचा सभासद लिफ्टच्या खर्चाला हरकत घेतो, तशी मार्गारेट थॅचर यांनी घेतली होती: पैसा शेती अनुदानावर जातो, आमच्या पदरात त्यातलं थोडंच पडतं. 1984 साली ब्रिटनला सूट मिळाली. ब्रिटन गेला, सूट उरली; आता जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि डेन्मार्क घेतात.

टी-शर्टाच्या बारा टक्क्यांवरून असा वाद मी ऐकलेला नाही. ते कोणत्या देशाने दिले, हे कोणाला दाखवताच येत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाट्यावर मात्र देशाचं नाव असतं, आणि नाव आलं की ‘दिलं किती, मिळालं किती’ हा हिशेब आलाच.

कोविडनंतरच्या उभारणीसाठी संघाने कर्ज काढलं. ते 2058 पर्यंत फेडायचं आहे. कार्बन परवान्यांच्या विक्रीतला हिस्सा संघाला द्यावा, हा प्रस्ताव 2021 साली आला तो यासाठीच. पण उत्पन्नाचा नवा मार्ग उघडायला 27 ही देशांची एकमुखी संमती लागते, शिवाय प्रत्येक देशाने तो आपल्या घटनेप्रमाणे मंजूर करावा लागतो. तोवर कमी पडेल ते त्या नावानिशीच्या वाट्यातूनच येणार, आणि भांडणही त्याच्यासोबत.