पिसांची माशी आणि बास मासा

पावसाळा ओसरून नदीचें पाणी निवळूं लागलें, कीं आमच्या शाळेंतील कांहीं मुलें सुट्टीच्या दिवशीं बांबूची काठी, दोरा, गळ आणि करवंटींत भरलेलीं गांडुळें घेऊन नदीकांठीं बसलेलीं दिसतात. त्यांपैकीं एकानें निसर्गाभ्यासाच्या तासाला आम्हांस विचारलें, "सर, अमेरिकेंत म्हणे गांडूळ न लावतां नुसत्या पिसांनीं मासे धरतात. मासा पीस खातो काय?" वर्गांत हंशा पिकला, परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचें उत्तर द्यावयास आम्हांस तो तास पुरला नाहीं, म्हणून तें येथें जरा विस्तारानें देतों.

इंग्रजी भाषेंत ह्या पिसांच्या आमिषाला जें नांव आहे, त्याचा अर्थ 'माशी' असाच होतो. मासा आणि माशी हे शब्द आपल्या भाषेंत इतके जवळचे, कीं 'माशीनें मासा धरिला' हें वाक्य उखाण्यासारखें वाटावें. गळाच्या दांडीवर पिसें, केस, लोकर व रंगीत धागा बांधून एखाद्या किड्याचा, बेडकाचा किंवा लहान मासोळीचा भास उत्पन्न करावयाचा, हीच ती माशी. तिच्यांत खाण्याजोगें कांहींच नसतें. तेव्हां मासा पीस खात नाहीं. पिसाला तो जिवंत प्राणी समजतो, हें त्या प्रश्नाचें थोडक्यांत उत्तर होय. मात्र त्याची अशी समजूत करून देणें ही सोपी गोष्ट नव्हे.

प्रथम ज्या माशासाठीं ही खटपट करावयाची त्याची ओळख करून घेऊं. बास हा उत्तर अमेरिकेंतील गोड्या पाण्याचा मासा. त्याच्या अनेक जातींपैकीं दोन विशेष प्रसिद्ध आहेत. एक थोरल्या तोंडाचा बास व दुसरा लहान तोंडाचा. पहिल्याच्या जबड्याचा कोपरा डोळ्याच्या मागपर्यंत जातो, दुसऱ्याचा तितका जात नाहीं. एवढ्या खुणेवरून ते ओळखतां येतात. पहिल्यास कमळपानें, पाणवनस्पति व बुडालेलीं लांकडें असलेलें संथ व ऊबदार पाणी मानवतें. दुसऱ्यास खडकाळ तळाचें, स्वच्छ आणि थंड पाणी प्रिय असतें. ह्या कुळाचें शास्त्रीय नांव 'मायक्रोप्टेरस', म्हणजे 'लहान पराचा', असें आहे. वास्तविक बासचा पर लहान मुळींच नाहीं. १८०२ सालीं लासेपेद ह्या फ्रेंच पंडितानें हें नांव दिलें, तेव्हां त्याच्यापुढें असलेल्या माशाच्या पाठीवरील पर दुखावलेला होता. मागें तुटून उरलेला तुकडा हा एक निराळा लहान परच आहे असें त्यास वाटलें. अशा रीतीनें एका माशाची दुखापत सबंध कुळाचें नांव होऊन बसली! एकच नमुना पाहून सर्व जातीविषयीं मत बनविलें म्हणजे काय होतें, ह्याचें हें चांगलें उदाहरण आहे.

बास हा फार लांबवर पाठलाग करणारा मासा नव्हे. तो दबा धरणारा आहे. लांकडाच्या सावलींत किंवा पानांच्या आडोशाला तो निश्चल उभा असतो. भक्ष्य जवळ येतांच तो एकदम तोंड उघडतो आणि पाण्याबरोबर तें भक्ष्यही आंत ओढलें जातें. बेडूक, चतुर, उंदराचें पिल्लूं, बारीक मासोळ्या, नांग्यांचा क्रेफिश, असें जें सांपडेल तें त्यास चालतें. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस डोक्यापासून शेंपटीपर्यंत जी रेघ असते, तिच्या योगें पाण्यांतील सूक्ष्म हालचाल त्यास कळते. म्हणून गढूळ पाण्यांतही तो हुकत नाहीं. ट्राउट माशासाठीं माशी बांधणारा पुष्कळदां एखाद्या ठराविक किड्याची हुबेहूब नक्कल करूं पाहतो. बासची माशी तशी नसते. ती मोठी, झुबकेदार, प्रसंगीं पाण्यांत आवाज करणारी अशी असते. तिच्यांत रूपाचें महत्त्व थोडें व हालचालीचें फार. माशी प्राण्यासारखी दिसली नाहीं तरी एक वेळ चालेल, पण ती प्राण्यासारखी हालली पाहिजे.

ही गोष्ट लोकांस फार पूर्वींच उमगली होती. विल्यम बार्ट्राम ह्या निसर्गशास्त्रज्ञानें अमेरिकेच्या दक्षिण भागांत प्रवास करून १७९१ सालीं आपलें प्रवासवर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत फ्लॉरिडांतील मासेमारीची एक तऱ्हा दिली आहे. होडींत दोघे बसत. एक होडी हळूहळू वल्हवी आणि दुसऱ्याच्या हातांत दहाबारा फूट लांबीची काठी असे. तिच्या टोंकाला हातभरापेक्षां थोडी अधिक लांब, मजबूत दोरी. दोरीला पाठीला पाठ लावून बांधलेले तीन मोठे गळ. आणि ते झांकून टाकणारा, हरिणाच्या शेंपटीचे पांढरे केस, तांबड्या कापडाच्या चिंध्या व रंगीबेरंगी पिसें यांचा मुठीएवढा गोंडा! हा गोंडा कांठच्या झुडुपांजवळ पाण्याला मधून मधून शिवेल असा नाचवीत नेला, कीं आंतून मासा उसळून येई. ह्या गोंड्याचें कोणत्याही प्राण्याशीं साम्य नव्हतें. साम्य होतें तें फक्त जिवंतपणाशीं.

पुढें पुष्कळ काळ अमेरिकेंतील शौकीन लोक ट्राउट व साल्मन यांनाच खानदानी मासे मानीत. १८८१ सालीं जेम्स हेन्शॉल ह्या डॉक्टरानें केवळ बासवर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि बासची प्रतिष्ठा वाढविली. त्यानंतर १८९२ सालीं मेरी ऑर्विस मार्बरी ह्या बाईंचें पुस्तक निघालें. व्हर्माँट राज्यांतील मँचेस्टर गांवीं आपल्या वडिलांच्या कारखान्यांत माश्या बांधणाऱ्या तरुणींवर त्या देखरेख करीत असत. त्या काळीं एकाच माशीला गांवोगांव निरनिराळीं नांवें होतीं. त्यामुळें गिऱ्हाईक मागे एक व त्यास मिळे भलतेंच. बाईंनीं देशभरच्या मासे धरणारांकडून पत्रें मागविलीं आणि रंगीत चित्रांसह माश्यांचीं नांवें व त्यांची माहिती छापली. आमच्या विद्यार्थिनींनीं हें अवश्य लक्षांत ठेवावें.

आतां माशी कशी बांधतात तें पाहूं. केसांची तरंगती माशी हा बासच्या माश्यांतील प्रसिद्ध प्रकार आहे. गळ लहानशा शेगड्यांत घट्ट धरावा. मेण लावलेला मजबूत धागा गळाच्या दांडीवर शेजारीं शेजारीं वेढे देऊन गुंडाळावा, कारण उघड्या पोलादावरून पिसें निसटतात, धाग्याच्या थरावर तीं टिकून राहतात. वांकणाजवळ शेंपटीसाठीं दोनचार लांब पिसें बांधावीं. मग हरिणाच्या अंगावरील केसांचा पेन्सिलीएवढा जाड झुबका घ्यावा, मुळाशीं असलेली मऊ लव विंचरून काढावी, झुबका दांडीवर ठेवून त्याला धाग्याचे दोन सैल वेढे द्यावे आणि धागा आंवळावा. आंवळतांच ते केस दांडीभोंवतीं चोहोंकडे फुलतात. दुसरा झुबका पहिल्याला चिकटून, तिसरा दुसऱ्याला चिकटून, असें करीत नेढ्यापर्यंत आलें म्हणजे गळाला बाटली धुण्याच्या ब्रशाचें रूप येतें. शेवटीं गांठ मारून तीवर रोगणाचा थेंब सोडावा व कात्रीनें छाटून बेडकाचा आकार द्यावा. पोटाकडची बाजू सपाट छाटावी; नाहीं तर गळाचें तोंड केसांनीं भरून जातें व मासा अडकत नाहीं.

हें केस फुलणें व तरंगणें कशामुळें? हरिणाच्या त्या केसाच्या आंत हवेनें भरलेल्या सूक्ष्म पेशी असतात. म्हणून तो हलका असतो, आणि आंवळल्यावर त्या जागीं दबून उभा राहतो. माणसाचा केस तसा फुलत नाहीं.

आम्हीं स्वतः पहिली माशी बांधली ती कोंबडीच्या पिसांची व शिवणाच्या दोऱ्याची. दिसावयास ती मोठी ऐटदार होती. पण बादलींत दोनदां फिरवितांच सारीं पिसें सुटून पाण्यावर पसरलीं. धाग्याचा पहिला थर आम्हीं घाईनें गाळला होता. जो भाग शेवटीं दिसत नाहीं त्यावरच सर्व भार असतो, हें आम्हांस त्या बादलीनें शिकविलें.

माशी फेंकण्याची रीतही निराळी आहे. आपल्या गळास शिसें बांधलेलें असतें व तें दोरीला ओढून नेतें. पिसांच्या माशीला म्हणण्यासारखें वजन नसतें. म्हणून येथें दोरीच जाड व वजनदार असते. लवचिक काठीनें ती दोरी प्रथम मागें उडवावयाची, ती मागें सरळ होईपर्यंत क्षणभर थांबावयाचें, मग पुढें सोडावयाची. दोरीच्या टोंकाला पारदर्शक बारीक तंतु व त्याला माशी. माशी कमळपानाजवळ पडली म्हणजे पाण्यावर वलयें उठतात. तीं विरेपर्यंत तिला हालवूं नये. मग एक हलकासा हिसका, पुन्हां विसावा. ह्या विसाव्यांतच पुष्कळदां पाणी फुटतें आणि माशी दिसेनाशी होते. अशा वेळीं नवशिका काठी वर उचलतो व मासा गमावतो. जाणता हातांतील दोरी सरळ मागें ओढतो.

पाण्याखालीं चालणाऱ्या माश्यांत बॉब क्लाउझर यांची माशी जगप्रसिद्ध आहे. पेन्सिल्व्हेनियांतील सस्केहाना नदीवर लहान तोंडाच्या बाससाठीं त्यांनीं ती १९८७ च्या सुमारास बनविली. गळाच्या डोक्याशीं धातूचे दोन जड डोळे व शेंपटीचे थोडे केस, एवढेंच तिचें साहित्य. ओढली कीं ती पुढें धांवते आणि थांबलें कीं डोकें खालीं करून बुडते, जणूं घाबरलेली मासोळीच. डोळ्यांच्या भारानें गळ उलटा होऊन त्याचें टोंक वर राहतें, त्यामुळें तो खडकांत कमी अडकतो.

येथवर कौशल्याचा भाग झाला. आतां त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगतों. वसंतऋतूंत पाणी सुमारें १५ ते १८ अंश सेल्सिअस ऊबदार झालें, कीं नर बास शेंपटीनें तळ झाडून उथळ पाण्यांत घरटें करतो. मादी त्यांत अंडीं घालून निघून जाते. पिता मात्र राहतो. अंड्यांवर तो परांनीं पाण्याचा वारा घालतो आणि पिल्लें बाहेर पडून फिरूं लागलीं तरी कांहीं दिवस त्यांची राखण करतो. ह्या काळांत जवळ येईल त्यावर तो तुटून पडतो, मग ती आपली माशी कां असेना. त्याला धरणें तेव्हां अगदीं सोपें असतें. परंतु तो भुकेनें आलेला नसतो, लेंकरांच्या रक्षणास आलेला असतो. त्याला वर ओढतांच टपून बसलेले दुसरे मासे कांहीं मिनिटांत अंडीं फस्त करूं लागतात. मासा परत सोडला तरी पुष्कळदां तो थकून घरटें टाकून जातो. म्हणून कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत पुष्कळ ठिकाणीं ह्या ऋतूंत बास धरण्यास बंदी असते. इतर वेळींही विचारी लोक गळाचा उलटा कांटा दाबून टाकतात, मासा ओल्या हातानें धरतात आणि लौकर पाण्यांत सोडतात. कोरड्या हातानें त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो.

हाच मासा आपल्या नद्यांत आणून सोडावा काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर जपानकडे पाहून मिळतें. तेथें १९२५ सालीं अशिनोको सरोवरांत बास सोडण्यांत आला व पुढें तो देशभर पसरला. १९३२ सालीं अमेरिकेंतील जॉर्जियांत धरलेल्या २२ पौंड ४ औंस वजनाच्या बासची बरोबरी २००९ सालीं जपानच्या बिवा सरोवरांतील बासनें केली, इतका तो तेथें पोसला. पण तो पोसला त्यांत तेथील मूळच्या माशांचाही बळी गेला, आणि २००५ पासून बास पाळणें व नव्या पाण्यांत सोडणें यांस तेथें कायद्यानें मनाई आहे. स्वदेशीं भूषण असलेला प्राणी परमुलखांत उपद्रव होऊं शकतो.

आपल्या मुलखाचाही ह्या कलेशीं एक जुना संबंध आहे. सह्याद्रींतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांवर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. माशीला डोळे करण्यासाठीं परदेशांत त्यांना मोठी मागणी असे. १९०२ सालीं हिंदुस्थानांतून रानपक्ष्यांचीं पिसें बाहेर नेण्यास बंदी झाली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्या पक्ष्यास संरक्षण मिळालें. म्हणून पिसांसाठीं रानांत जाऊं नये. घरची कोंबडी पुरे.

असो. मुलांनो, सुट्टींत एक प्रयोग करून पहा. गळाऐवजीं बोंथट तार घ्या. एकीवर कोंबड्याच्या मानेचें ताठ पीस बांधा, दुसरीवर कोंबडीच्या पोटाचें मऊ पीस. दोन्ही तारा घंगाळांत बुडवून हळूहळू ओढा आणि कोणतें पीस जिवंत वाटतें तें वहींत लिहून आणा. मग नदीकांठीं जाऊन एखादी खरी मासोळी घटकाभर नुसती पहा, आणि आपल्या वहींतील शब्द तिच्याशीं जुळतात कीं नाहीं तें ताडून पहा. त्या दिवशीं काठी घरीं ठेविली तरी चालेल.