डोंगराच्या पोटातले पाणी

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मराठवाड्यात चार वर्षांचा पाऊस एकत्र केला तर जेमतेम एवढा भरेल. तरीही एप्रिल सरत आला की उंचावरच्या वाड्यांत विहिरीचा तळ दिसू लागतो, व्हाळात नुसते गोटे उरतात आणि पोफळीच्या शिंपणाच्या पाळ्या लांबत जातात.

सरकारी हिशेबात मात्र इथे चिंतेचे कारण नाही. वर्षभरात जमिनीत जेवढे पाणी मुरते, त्यातले उपशाला उपलब्ध असलेले पाणी किती आणि प्रत्यक्ष उपसा किती, या गुणोत्तरावर भूजलाचे वर्गीकरण ठरते. उपसा ७० टक्क्यांपर्यंत असला तर क्षेत्र ‘सुरक्षित’, १०० टक्क्यांच्या पुढे गेला तर ‘अतिशोषित’. भारत जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आहे. वर्षाला सुमारे २४५ अब्ज घनमीटर पाणी आपण जमिनीतून काढतो. पंजाब, हरियाणा, राजस्थानची दुखणी या मोजपट्टीत लख्ख दिसतात. सिंधुदुर्ग त्यात सुरक्षित ठरतो, कारण इथे फारसा उपसाच नाही. केंद्राची अटल भूजल योजना २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली. महाराष्ट्रातले १३ जिल्हे तिच्यात आले, पण कोकणातला एकही नाही.

माझे म्हणणे असे की दोडामार्गचे दुखणे या मोजपट्टीला दिसणारच नाही. इथे प्रश्न पाणी ठेवून घेणाऱ्या डोंगराचा आहे.

हा डोंगर काम कसे करतो ते नीट पाहायला हवे. वर जांभ्याचा थर असतो. हा दगड सच्छिद्र, भोकाभोकांचा. पावसाचे पाणी त्यातून सरसर खाली उतरते. जांभ्याखाली चिकणमातीचा थर लागतो. तिथे पाण्याची वाट अडते, ते आडवे सरकू लागते आणि उताराला जिथे तोंड मिळेल तिथे झरा होऊन बाहेर येते. कोलझर, तळकट, झोळंबे या पट्ट्यातल्या माड-पोफळीच्या बागायती अशाच पाण्यावर वाढल्या. वरच्या अंगाला झरा, तिथून पाट, पाटाने बागेत पाणी. पंप नाही, विजेचे बिल नाही. भातकापणीनंतर पुन्हा वायंगणाचे पीक घ्यायचे तेही याच ओलीच्या भरवशावर. पाऊस थांबला की गावकरी व्हाळावर माती-दगडांचे कच्चे बंधारे घालतात. त्यामुळे पाणी थोडे थबकते आणि आजूबाजूच्या विहिरींना आधार मिळतो.

या व्यवस्थेत साठा मोठा नसतो. जुलैत विहीर काठोकाठ भरते, त्यानंतर कितीही कोसळला तरी तिला तेवढेच. उरलेले पाणी वाहून जाते. म्हणून दोडामार्गात किती पाऊस पडला याला फारसे महत्त्व नाही. डोंगर ते पाणी किती महिने हळूहळू सोडत राहतो, यावर इथले सगळे ठरते. डिसेंबरात आटणारा झरा आणि मे महिन्यात वाहणारा झरा यांच्यात जे अंतर आहे, तेच या तालुक्याचे भूजल. पावसाळा संपताच पाणी निघून गेले, तरी कोणी उपसले नाही म्हणून कागदावर सगळे आलबेल दिसते.

आता तालुक्यातल्याच कळणे गावाकडे वळू. तिथे लोहखनिजाची खाण आहे. लोहखनिजाच्या खाणीचे एक वैशिष्ट्य शेजारच्या गोव्याने फार मोठी किंमत मोजून शिकवले आहे. या पट्ट्यात भुकटीच्या रूपातले लोहखनिज स्वतःच पाणी धरून ठेवणारा थर असतो. म्हणजे खनिज काढणे याचा अर्थच पाण्याची जागा खणून नेणे. खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की आजूबाजूचे पाणी त्यात उतरू लागते. काम चालू ठेवायचे तर ते पंपाने बाहेर फेकावे लागते. फेकलेले पाणी व्हाळातून नदीला, नदीतून समुद्राला जाते. दोडामार्गला लागूनच असलेल्या गोव्याच्या डिचोली तालुक्यात, श्री लईराई देवीच्या शिरगावात, खाणी खणत खणत समुद्रसपाटीच्याही खाली गेल्या. गावच्या विहिरी आणि झरे आटले, शेती बसली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. लईराईच्या जत्रेला दरवर्षी लाखभर माणसे लोटतात, त्या गावाची ही कथा आहे.

कळण्यात वेगळेही एक रूप दिसले. २९ जुलै २०२१ रोजी मुसळधार पावसात खाणीत साठलेले पाणी बांध फोडून बाहेर पडले. चिखलाचा लोंढा घरांत आणि बागायतींत घुसला. ज्या पाण्याने सावकाश झिरपत मे महिन्यापर्यंत पुरायचे, ते एका दिवसात चिखल घेऊन उतरले. माझ्या लेखी उन्हाळ्यातला कोरडा झरा आणि जुलैतला तो लोंढा ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत.

जांभ्याच्या चिरेखाणींविषयी बोलताना थोडे सांभाळून बोलायला हवे. कोकणातले घर चिऱ्यावर उभे आहे आणि चिरेखाणीवर अनेकांचे पोट आहे. खाणीच्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचते, ते मुरते, असाही युक्तिवाद होतो आणि काही जागी तो खराही असेल. पण चिरा काढायचा म्हणजे पाणी शोषणारा थरच उचलून न्यायचा. खालची चिकणमाती उघडी पडली की साचलेले पाणी मुरण्याऐवजी उन्हाने उडते. एखाददुसऱ्या खाणीने डोंगर मोडत नाही. एकाच सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, खाणीला खाण लागली की मोडतो.

मग रबर. गेल्या काही दशकांत दोडामार्गात केरळातून आलेल्या बागायतदारांनी जमिनी घेतल्या आणि जंगल तोडून रबर व अननस लावला. जमिनी विकल्या त्या इथल्याच कुटुंबांनी, बरेचदा मुंबईत स्थिरावलेल्या वारसांनी, तेव्हा बोट एका दिशेला दाखवून चालणार नाही. रबराचे झाड हिवाळ्याच्या अखेरीस पाने गाळते आणि ऐन कोरड्या दिवसांत नवी पालवी धरते, म्हणजे झऱ्याला पाण्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच ते खोलवरची ओल खेचते. चीनच्या युनान प्रांतातल्या शीश्वांगबन्नात जंगलाच्या जागी रबर आले. तिथे मोजमाप करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०११ साली या लागवडींना थेट पाण्याच्या पंपाची उपमा दिली. अननसाचे वाफे उतारावर आखले तर मातीच वाहून जाते.

तालुक्यातल्याच तिलारी धरणाबद्दल दोनच वाक्ये. महाराष्ट्र-गोव्याच्या या आंतरराज्य प्रकल्पातले सुमारे तीन चतुर्थांश पाणी गोव्याच्या वाट्याचे आहे, आणि कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यांना त्याचा थेंबही चढत नाही. त्यांची भिस्त आजही डोंगरावरच आहे.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरहून खोल विहिरींना आळा घालतो. बोअरवेल रोखायला तो उपयोगी आहे. सडा पोखरण्याशी त्याचा संबंध नाही. झाडांच्या बाबतीत उच्च न्यायालयानेच पुढाकार घेतला. २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग वन्यजीव मार्गातल्या वृक्षतोडीवर बंदी आली आणि मार्च २०२४ मध्ये या मार्गातल्या २५ गावांना पर्यावरणसंवेदनशील जाहीर करण्याबाबत न्यायालयाने मुदत घालून दिली. हा निकाल वाघ-हत्तींच्या वाटेसाठी आहे. पण तीच झाडी झऱ्यांवर सावली धरते.

मग झरे राखायचे कसे? सिक्कीममध्ये २००८ पासून ‘धारा विकास’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. आधी भूशास्त्रज्ञांनी झरा नेमक्या कोणत्या उतारावरचे पाणी पितो ते शोधले, मग तेवढ्याच उतारावर चर खणले. आटत चाललेले झरे पुन्हा वाहू लागले. पुण्याच्या ‘ॲक्वाडॅम’ या संस्थेचे शास्त्रज्ञ या कामात होते, म्हणजे जाणकार आपल्याच राज्यात आहेत.

दोडामार्गात याची सुरुवात ग्रामसभा करू शकते. प्रत्येक झऱ्याचे नाव गावातल्या जुन्या माणसांना पाठ असते. ते वहीत लिहायचे. जानेवारी ते मे, महिन्यातून एकदा, त्याखाली कळशी धरायची आणि ती भरायला किती वेळ लागला ते नोंदवायचे. झऱ्याच्या वरचा उतार गावनकाशावर आखायचा. खाणीच्या जनसुनावणीत कंपनीकडे जाडजूड अहवाल असतो आणि गावकऱ्यांकडे असतात ‘आमची बाव आटली’ एवढेच शब्द. पाच-सहा उन्हाळ्यांच्या नोंदी असलेली वही टेबलावर ठेवली, तर अधिकाऱ्याला तिच्यावर लेखी उत्तर मागता येईल, आणि न्यायालयात ती पुरावा म्हणून मांडता येईल.