घशाशी येणारे आम्ल आणि छातीतील घरघर

बंगळूरची हवा थंड व आल्हाददायक, हा लौकिक जुना आहे. तरीही दम्याच्या अभ्यासात या शहराचा उल्लेख आवर्जून होतो. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांनी आपल्याकडे तपासणीस आलेल्या मुलांच्या केलेल्या पाहणीत दम्याचे प्रमाण १९७९ साली ९ टक्के, तर १९९९ साली २९.५ टक्के आढळले. वाहनांचा धूर, धूळ, परागकण ही दमा बळावण्याची कारणे सर्वपरिचित आहेत. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत खोकल्याचे व धापेचे एक कारण फुप्फुसांबाहेर, जठरात दडलेले असते.

अन्ननलिका जेथे जठराला मिळते, तेथे स्नायूंचे एक वलय झडपेसारखे काम करते. ते सैल पडले की जठरातील तीव्र आम्ल वर येते. छातीत जळजळ, करपट ढेकर, तोंडाला आंबट चव ही त्याची नेहमीची लक्षणे होत. या आम्लाचा श्वसनावर दोन मार्गांनी परिणाम होतो. पहिला मार्ग सरळ आहे : झोपेत आम्लाचे सूक्ष्म थेंब घशापर्यंत येऊन श्वासनलिकेत उतरतात आणि तेथील नाजूक अस्तराचा दाह होतो. दुसरा अप्रत्यक्ष आहे. अन्ननलिका व श्वासनलिका या दोहोंना व्हेगस या एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात. त्यामुळे आम्ल केवळ अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लागले, तरी श्वासनलिका आकुंचन पावू शकते.

जठरातील आम्ल फुप्फुसांना किती घातक ठरू शकते, हे न्यू यॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. ४४,०१६ प्रसूतींच्या नोंदींत त्यांना भुलीच्या अमलाखाली जठरातील द्रव्य श्वसनमार्गात गेल्याच्या ६६ घटना आढळल्या. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहण्याच्या दंडकामागे हेच कारण आहे.

मात्र येथे एक दुष्टचक्रही संभवते. खोकल्याच्या उबळीने पोटावरील दाब वाढतो आणि आम्ल अधिकच वर येते. दम्यावरील थिओफिलीनसारखे औषधही त्या झडपेला शिथिल करू शकते. म्हणूनच आधी दमा की आधी आम्ल, हे ठरविणे तज्ज्ञांनाही सोपे नसते. दमा प्रौढ वयात प्रथमच उद्भवला असेल, खोकला जेवणानंतर वा आडवे होताच वाढत असेल, सकाळी आवाज बसत असेल, तर ही शक्यता डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावी. गरज भासल्यास दुर्बिणीने तपासणी करता येते, अथवा अन्ननलिकेतील आम्लता २४ तास मोजता येते.

याचा अर्थ प्रत्येक दमेकऱ्याने आम्लनाशक गोळ्या सुरू कराव्यात, असा नव्हे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत दमा आटोक्यात नसलेल्या, पण जळजळीचा फारसा त्रास नसलेल्या ४१२ रुग्णांचा समावेश होता. २४ आठवडे आम्लरोधक औषध देऊनही त्यांच्या दम्यात सुधारणा झाली नाही. आम्लाची लक्षणे स्पष्ट असणाऱ्यांना मात्र उपचारांचा लाभ होऊ शकतो.

निर्धोक उपाय घरातच आहेत. रात्रीचे जेवण हलके व झोपण्यापूर्वी तीन तास आधी घ्यावे. बंगळूरसारख्या शहरात वाहतुकीच्या कोंडीतून घरी पोहोचून रात्री दहाला जेवणे आणि लगेच अंथरुणावर पडणे अनेकांच्या अंगवळणी पडले आहे. ते मोडणे हेच पहिले औषध. जेवणानंतर शतपावली करावी. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू सुमारे १५ सेंटिमीटर उचलावी. उशांची चवड रचल्याने पोट दुमडते व दाब वाढतो. रात्री डाव्या कुशीवर झोपणे हितकर, कारण तेव्हा जठर अन्ननलिकेच्या खाली राहते. वजन आटोक्यात ठेवावे व धूम्रपान सोडावे.

दोन गोष्टींचे भान मात्र राखावे. दम्याचा पंप स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. तसेच छातीत दुखून घाम येणे, गिळताना त्रास, काळे शौच किंवा अकारण वजन घटणे या लक्षणांना ‘पित्त’ म्हणून अंगावर काढू नये. तेथे विलंब जिवावर बेतू शकतो.