अपुरी मालिका पाहावी काय?

शेवट न होतांच बंद पडलेल्या मालिकेंत मन गुंतवावें काय? एका अंतराळयानांतील ९ माणसांची कथा सांगणाऱ्या 'फायरफ्लाय' या अमेरिकन मालिकेचें उदाहरण घ्यावें. २००२ सालीं फॉक्स वाहिनीनें तिचा आरंभीचा भाग सर्वांत शेवटीं दाखविला, आणि १४ पैकीं ११ भागांवरच ती आटोपती घेतली. २००५ सालच्या 'सेरेनिटी' चित्रपटानें मुख्य रहस्य उलगडलें. पण धर्मोपदेशक बुक याचें पूर्वायुष्य पडद्यावर अज्ञातच राहिलें. तरीहि प्रेक्षकाची फसगत होत नाहीं. कारण बहुतेक भागांत एकेक प्रसंग पुरा होतो, आणि त्यांतूनच तीं माणसें जिवाभावाचीं होतात. जेथें सारा आनंद अखेरच्या उलगड्यावर उधार ठेवलेला असतो, तेथें मात्र मालिका तुटतांच पदरीं निराशा येते. म्हणून शेवटाची चौकशी करण्याआधीं एक भाग पाहावा. त्यानें तृप्ति झाली, तर पुढचे निःशंकपणें पाहावेत.