घोयऱ्या सरड्याचे हावभाव

आपल्या भंडारा जिल्ह्यांत धुऱ्यावरील बोरी-बाभळींच्या झुडपांत किंवा तुरीच्या ओळींत एक विलक्षण प्राणी कधीं कधीं दृष्टीस पडतो. त्याचें अंग दोन्ही बाजूंनीं चपटें असून डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा असतो. शेपटीचें वेटोळें फांदीस घट्ट बसलेलें असतें. हाच घोयरा सरडा होय. लॉरेन्टी नांवाच्या शास्त्रज्ञानें १७६८ सालीं त्याचें शास्त्रीय नामकरण केलें. कुंपणावर मान हलविणारा व विणीच्या दिवसांत गळा लाल करणारा नेहमींचा सरडा निराळा. या दोहोंची गल्लत होऊं नये.

घोयरा विषारी आहे अशा समजुतीनें पुष्कळ ठिकाणीं त्यास काठीनें मारतात. वास्तविक त्यास विष मुळींच नाहीं. मनुष्य जवळ येतांच तो अंग फुगवितो, रंगानें काळवंडतो, तोंड वासून फुत्कारतो आणि आडवा वळून आपली रुंद बाजू दाखवितो. हा सर्व देखावा भीतीचा आहे. त्यास धांवतां येत नाहीं, म्हणून मोठें दिसणें हाच त्याचा बचाव. आपण दोन पावलें मागें सरलों, कीं तोही हळूहळू शांत होतो.

चालतांना तो पुढेंमागें झुलतो, तें आजारानें नव्हे. वाऱ्यानें हलणाऱ्या पानांत आपण ओळखूं येऊं नये, यासाठीं ती चाल आहे असें मानतात. त्याचे दोन डोळे दोन दिशांस फिरतात. परंतु दोन्ही समोरील एकाच किड्यावर स्थिरावले, कीं अंगाहून लांब जीभ क्षणांत सुटणार हें समजावें.

रंग बदलणाऱ्या मनुष्यास आपण सरडा म्हणतों. त्यांत या प्राण्यावर थोडा अन्यायच होतो. तो रंग बदलतो तो केवळ लपण्यासाठीं नव्हे. सकाळीं गारठ्यांत उष्णता शोषून घेण्यास तो गडद होतो, कडक उन्हांत फिका पडतो, आणि राग, भय व मीलन हींही रंगानेंच व्यक्त करतो. मादागास्कर येथील एका जातीच्या अभ्यासावरून जिनिव्हाच्या संशोधकांनीं २०१५ सालीं असें दाखविलें कीं, कातडींतील अतिसूक्ष्म स्फटिकांमधील अंतर कमीअधिक झाल्यानें हा रंग पालटतो.

पावसाळा सरल्यावर, हलक्या धानाच्या कापणीच्या सुमारास, एखादी मादी झाड सोडून जमीन उकरतांना दिसली तर ती अंडीं घालण्याच्या तयारींत आहे असें जाणावें. तिला हुसकूं नये. त्या जागीं खुणेची काडी रोवून तेवढी माती कुदळीपासून राखावी. पिलें कांहीं महिन्यांनीं बाहेर येतात.

शेवटीं एक महत्त्वाची गोष्ट. मुलांच्या हौसेखातर कोणी घोयरा पिंजऱ्यांत ठेवतो, आणि तो निपचित बसूं लागला म्हणजे "आतां माणसाळला" असें समजतो. हा समज घातक आहे. घोयरा वाटींतील पाणी सहसा पीत नाहीं. तो पानांवरील दंवाचे व पावसाचे थेंब चाटतो. डोळे खोल गेले तर तो तहानेला आहे, आणि दिवसां डोळे मिटून बसला तर तो आजारी आहे. अशा मुक्या सोसण्यासच आपण गरीबपणा म्हणत असतों. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास पकडणें, पाळणें व मारणें हा गुन्हा आहे. कोणाच्या घरीं असा प्राणी असल्यास वनखात्यास कळवावें.

घोयरा टोळ, माशा व इतर किडे खाऊन राहतो; पिकाचें एक पानही तो खात नाहीं. धुऱ्यावरील चार झुडपें राखलीं तर त्यास आसरा पुरतो, आणि त्याचे हावभाव ओळखूं लागलेला शेतकरी त्याच्यावर काठी उगारणार नाहीं.